मॉनिटरचा दोष

माझ्या स्टुडिओत आजवर कुणी 'गोरं करा' असं म्हटलेलं नाही. नांदेडला हा धंदा सुरू करून मला पंचवीसेक वर्षं झाली, पण हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. लोक म्हणतात, "तेवढं जरा बघा." नायगावहून आलेला बाप मुलीला स्टुलावर बसवतो, तिच्या ओढणीची घडी सरळ करतो आणि माझ्या कानाशी येऊन सांगतो, "स्थळासाठी हाय. तेवढं जरा बघा." हिमायतनगरची आई तिच्या मुलाला घेऊन येते आणि तीही हेच म्हणते. श्रद्धांजलीचा फोटो मोठा करून घ्यायला आलेले लोकसुद्धा म्हणतात. गेलेल्या माणसाचंही जरा बघावं लागतं.

बघायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांनाही माहीत असतं आणि मलाही. फोटो कॉम्प्युटरवर घेतला की त्याच्यावर एक पातळ थर टाकायचा, काचेवर काच ठेवावी तसा. खालचा फोटो तसाच राहतो, वरच्या थरात चेहरा, मान, हात उजळ होतात. आम्ही त्याला लेयर म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेयरला नाव देता येतं. पहिल्यांदा केला तेव्हा मी 'उजळ' असं लिहिलं होतं. पुढे रोजचंच काम झालं म्हणून ते सगळं एका बटणावर बसवून ठेवलं. एफ-फाइव्ह दाबलं की पाच सेकंदांत माणूस उजळतो. बटण दाबताना मला कधी काही वाटलं नाही. इस्त्रीवाला सुरकुती काढतो, तसं मी हे करत होतो.

जे सांगायचं आहे ते माझ्या भाचीबद्दल आहे.

माझी मोठी बहीण लातूरला असते, औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत. तिची ही मुलगी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक पेशंटच्या दाताचं माप पाठवतात आणि ही त्यावर बसणारी कॅप तयार करते. कॅप नुसती मापाची होऊन चालत नाही, शेजारच्या दाताच्या रंगाशी जुळावी लागते. त्यासाठी तिच्याकडे एक पट्टी असते. पट्टीवर ओळीनं सोळा दात बसवलेले, पांढऱ्यापासून पिवळट, करड्यापर्यंत. पेशंटच्या तोंडाजवळ धरून पाहायचं, कोणता जुळतो. ती एकदा मला म्हणाली होती, "लोकांना वाटतं दात पांढरा असतो. पांढरा दात कुणाचाच नसतो, मामा."

गेल्या वर्षी ती एका मैत्रिणीच्या लग्नाला नांदेडला आली, तेव्हा ताईचा मला फोन आला. "आलीच हाय तर स्थळासाठी तिचा एक चांगला फोटो काढ." एवढंच म्हणाली. 'जरा बघ' म्हणाली नाही. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलेलं आहे, म्हणून खात्रीनं लिहितो.

भाची सावळी आहे. आमच्या आईवर गेली आहे. तिनं हळदी रंगाची साडी नेसली होती, आणि मी तिला खिडकीजवळ उभं करून फोटो काढला. फोटो चांगला आला होता. कॉम्प्युटरवर उघडला आणि माझं बोट एफ-फाइव्हवर गेलं. मग तो ताईला पाठवून दिला. ताईचं उत्तर आलं, "लई छान आलाय."

त्या फोटोवर बिलोलीकडचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीला होता. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. बघायला पाच माणसं लातूरला आली आणि मामा म्हणून मीही गेलो. ताईच्या बैठकीत एकच सोफा आहे. त्यावर एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला मुलाचा काका, आणि मध्ये मी असा बसलो होतो. समोर टीपॉय इतका जवळ की गुडघे लागत होते.

भाची पोह्यांचा ट्रे घेऊन आली. नमस्कार झाले. ती दात तयार करते म्हटल्यावर काका हसून म्हणाला, "मंग आमच्या पण दोन दाढा बसवून टाका की, पाव्हणं झाल्यावर फुकट." सगळे हसले. ती म्हणाली, "माप द्यावं लागंल आधी, तोंड उघडं ठेवून. बोलता येत न्हाई तवा." काका आणखी मोठ्यानं हसला. त्याला ती आवडली होती, हे दिसत होतं. मुलगा मान खाली घालून पोहे खात होता.

तेवढ्यात मुलाच्या आत्यानं पर्समधून मोबाईल काढला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. फोटोकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"फोटो कुठं काढला हो?"

"ह्यो काय, माझ्या भावानंच," ताई कौतुकानं म्हणाली. "नांदेडला स्टुडिओ हाय त्याचा."

"न्हाई, म्हणलं, फोटोत निराळी दिसती."

बैठकीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाची रिकामा ट्रे छातीशी धरून दाराजवळ उभी होती. मला उठता येत नव्हतं. एकीकडे दाजींचा खांदा, दुसरीकडे काकाचा. त्या क्षणी मी म्हणालो, "मॉनिटरचा दोष हाय."

आणि एकदा म्हटल्यावर मी थांबलो नाही. जुना मॉनिटर असला की पडदा अंधुक होत जातो, म्हणालो. त्यावर फोटो काळपट दिसतो, म्हणून आपण उजळवतो, आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर तो जास्तच उजळ दिसतो. यातलं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. असं खरंच होतं. फक्त माझ्याकडे तसं झालेलं नव्हतं. माझा मॉनिटर जुना होता, पण त्याचे रंग मी दर महिन्याला छापील फोटोशी ताडून लावत होतो. त्या खोलीत हे मला एकट्यालाच माहीत होतं.

काका माझ्या मदतीला आला. "हाव, आमच्या टीव्हीचं पण तसंच झालंय. सगळे नेते दारू पिल्यासारखे लाल दिसतात." लोक हसले. पोहे संपले. तीन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

ताई दोन दिवस जेवली नाही, असं दाजींनी फोनवर सांगितलं. भाचीचं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आठवड्यानं तिचाच फोन आला.

"मामा, तुमचा मॉनिटर किती वर्षांचा हाय?"

"असंल नऊ-दहा. का गं?"

"नऊ-दहा वर्षं? आणि त्याच्यावर लोकांच्या लग्नाचे अल्बम करून राहिलात तुम्ही?"

"चालतंय तेवढं."

"चालतंय कसं? माझ्यापायी कळलं म्हणून. आणखी किती पोरींचं असं झालं असंल, मामा, तुम्हाला माहीत पण नसंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला माझी काळजी वाटत होती. तिच्या कामात एखादा दात जुळला नाही तर तो परत येतो. दोष कुठं राहिला ते शोधायचं, तो दुरुस्त करायचा, आणि मग पुढचा दात करायचा. तिनं माझं बोलणं तसंच घेतलं होतं. दोष सापडला आहे, तर आता दुरुस्त करू.

त्या दिवसापासून माझ्या मोबाईलवर तिचे निरोप यायला लागले. लॅबमधलं काम संपलं की ती मॉनिटरबद्दल वाचायची आणि मला पाठवायची. पॅनेल आयपीएसच घ्या, बाजूनं बघितलं तरी रंग बदलत नाही. दुसऱ्या स्वस्त पॅनेलमध्ये बघणारा खुर्चीतून उठला तरी पडद्यावरचा चेहरा पांढरा पडतो. एसआरजीबी नावाचं एक माप असतं, ते शंभर टक्क्यांच्या जवळ पाहिजे. 'कोट्यवधी रंग' असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या मागं लागू नका, किती रंग दाखवतो त्यापेक्षा खरे किती दाखवतो ते बघा. सव्वीस-सत्तावीस इंच कशाला, चोवीस पुरे, तेवढ्याच पैशात रंग चांगले मिळतात.

हे सगळं मला येत होतं. तिच्या जन्माआधीपासून मी रंगांत काम करतो आहे. पण येतं म्हणायची सोय राहिली नव्हती. ज्याला हे कळतं त्यानं दहा वर्षं बिघडलेल्या मॉनिटरवर काम कसं केलं असतं? म्हणून मी प्रत्येक निरोपाला "असं का? बरं झालं सांगितलंस" असं लिहून पाठवायचो.

एकदा सुटायचा प्रयत्न केला. म्हणालो, "बारा हजारांच्या वर आपल्याला झेपायचं न्हाई. तेवढ्यात रंगाचा मॉनिटर कुठला मिळतो?" मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "मिळतोय. तीन हायत. रविवारी येते."

रविवार हा तिचा सुट्टीचा एकच दिवस. अहमदपूरमार्गे चार तास बसचे धक्के खात ती आली, आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. आम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. भिंतीवर ओळीनं मॉनिटर लावलेले, सगळ्यांवर एकच चित्रफीत चाललेली. पोपट, स्ट्रॉबेरी, समुद्र. पोपट इतका हिरवा की डोळे दिपावेत.

भाचीनं दुकानदाराला चित्रफीत बंद करायला लावली. ब्राइटनेस निम्मा करायला लावला. मग पर्समधून तिची ती सोळा दातांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. दुकानदार एक पाऊल मागं सरकला.

"ताई, हे दात कुणाचे?"

"कुणाचे न्हाईत. मापाचे हायत." तिनं एक पेनड्राइव्ह दिला. "यातला फोटो लावा सगळ्यांवर."

फोटो त्याच पट्टीचा होता, दिवसाच्या उजेडात काढलेला. बारा-तेरा मॉनिटरवर दातांच्या ओळी उमटल्या. दुकानात मोबाईलची काच बसवायला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दुकानदार मला हळूच म्हणाला, "साहेब, मॉनिटर घेऊन राहिलात का कवळी?"

ती एकेका मॉनिटरसमोर उभी राहायची, पट्टी पडद्याजवळ धरायची, पाच-सहा सेकंद बघायची आणि नजर काढून दुकानाच्या करड्या शटरकडे न्यायची. "जास्त वेळ बघितलं तर डोळा ऐकत न्हाई, मामा. त्याला जे पाहिजे ते दिसायला लागतं. पहिल्यांदा जे दिसतं ते खरं." मग बाजूला सरकून तिरकं बघायची, खाली वाकून बघायची. एका मॉनिटरवर करडे दात निळे पडत होते. एकावर सगळेच दात शुभ्र दिसत होते. तो सगळ्यांत जास्त खपतो, असं दुकानदार म्हणाला.

"खपंल की. सगळ्यांना तसेच दात पाहिजेत," ती म्हणाली.

शेवटी तिनं कोपऱ्यातला एक चोवीस इंची निवडला. सगळ्यांत फिका दिसणारा. दुकानदार म्हणाला, "ताई, बघा बरं का. ह्यो कस्टमर लोकांना डल वाटतो. परत घेऊन येतात."

तिनं पट्टी त्याच्याजवळ धरली आणि मला बोलावलं. "मामा, बघा. जुळतंय का?"

सोळाच्या सोळा जुळत होते. मी "हाव" म्हणालो. खोकं मी उचललं.

माझ्या स्टुडिओत मागं एक केबिन आहे. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये माझी खुर्ची बसते आणि तिच्या मागं एक माणूस उभा राहू शकतो. मागचा माणूस हलल्याशिवाय मला बाहेर पडता येत नाही. मी नवीन मॉनिटर जोडला, जुना खाली ठेवला. ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"आता माझा तो फोटो उघडा. ह्याच्यावर नीट करू. आई दुसरीकडं पाठवणार हाय."

"नवीनच काढू की. उजेड चांगला हाय आत्ता."

"न्हाई, तोच. त्यातली साडी आवडती मला."

"तो शोधावा लागंल. लई दिवस झाले..."

"हे काय, 'लातूर' म्हणून लिहिलंय की." तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

मी फाईल उघडली. फोटो आला, ताईच्या बैठकीत त्या आत्याच्या मोबाईलवर होता तसाच. उजव्या बाजूला लेयरची यादी उघडली. दोनच ओळी होत्या. खाली 'मूळ', वर 'उजळ'. प्रत्येक ओळीपुढं एक बारीक डोळा असतो. डोळा उघडा असला की तो लेयर दिसतो, मिटला की दिसत नाही.

"हे उजळ काय हाय?"

तिनं माझ्या खांद्यावरून हात पुढं घातला, माउस घेतला, आणि त्या ओळीपुढचा डोळा मिटला.

खालचा फोटो दिसला. खिडकीजवळ, हळदी साडीत, ती जशी आहे तशी. खरं सांगतो, तो फोटो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काढला होता मीच, पण पाहिला नव्हता. आमची आई तरुणपणी कशी दिसत असेल ते मला त्यात दिसलं.

तिनं तो डोळा परत उघडला, परत मिटला. दोन-तीनदा केलं. मग आपलं मनगट पडद्याजवळ नेलं, दुकानात पट्टी धरत होती तसं. पाच-सहा सेकंद बघितलं आणि नजर भिंतीकडे नेली.

"जुळतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "साडी तशीच राहती, नुसती मीच बदलती. म्हणजे जुना मॉनिटर बरोबर होता."

"होता."

"फोटो आला तवा मला वाटलं होतं, उजेडामुळं तशी दिसून राहिले."

तिनं माउस सोडला.

"आईनं सांगितलं होतं का?"

इथं थोडं थांबून लिहितो, कारण हा भाग मला सोपा करून सांगायचा नाही. 'हो' म्हणणं शक्य होतं. ताईनं फोन केला होताच. आईच ती, मुलीच्या काळजीनं म्हणाली असेल, असं भाचीनंही मानलं असतं आणि कधी विचारायलाही गेली नसती. माझ्या तोंडात 'हाव' आला होता. मॉनिटरवर ढकललं होतं, तसं ताईवर ढकलायला दोन सेकंद पुरले असते. आणि मला बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, खुर्चीमागं ती उभी होती.

"न्हाई," मी म्हणालो. "कुणीच न्हाई सांगितलं. मीच केलं."

"का? मी चांगली दिसत नव्हते?"

"बघितलंच न्हाई गं मी. बटण दाबलं नुसतं. सवयीनं."

ती हसेल किंवा रडेल असं मला वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "पाच सेकंद बघायचं होतं, मामा," म्हणाली आणि दातांची पट्टी पर्समध्ये ठेवली.

बसस्टँडवर सोडायला गेलो. लातूरची गाडी लागलेली होती. पायरीवर चढता चढता ती वळली. "आईला मॉनिटरच सांगा. न्हाईतर ती बोलायची न्हाई तुमच्याशी, आणि लग्नात मामा लागतो मला." एवढं बोलून आत गेली. खिडकीशी बसली, पण माझ्या बाजूच्या नाही.

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. मूळ फोटो मी ताईला पाठवला. ताई म्हणाली, "हां, ह्या मॉनिटरवर नीट दिसतंय बघ." आता ती नात्यातल्या सगळ्यांना सांगते की भाचीच्या लग्नासाठी मामानं धंद्याचा मॉनिटर बदलला. माझ्या पाठीवर हात फिरवणारी दोन-चार माणसं मला भेटली. मी मान हलवतो. मी बोललेलं खोटं ताई आता माझ्यापेक्षा चांगलं सांगते, आणि ते तिच्याकडून काढून घेण्याचा मार्ग मला सापडत नाही.

एफ-फाइव्हवरचं ते काम मी काढून टाकलं. त्यानं मी सुधारलो असं नाही. लोक अजून येतात, "तेवढं जरा बघा" म्हणतात, आणि मी अजून करतो. पोट आहे. फक्त आता ते हातानं करावं लागतं, दहा-बारा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ समोरच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागतं. क्वचित एखाद्या बापाला मी म्हणतो, "असूद्या ना, चांगली दिसती की पोरगी." बहुतेक बाप माझ्याकडे असे बघतात, जणू मी काम टाळतोय.

पुढच्या महिन्यात भाचीला आणखी एक स्थळ बघायला येणार आहे. काल ताईचा फोन आला. "तू ये बरं. फोटोचा विषय कुणी काढला तर तुलाच सांगता येतं, मॉनिटरचं वगैरे." मी येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर तो सोफा डोळ्यांसमोर आला, दोन्हीकडचे खांदे आणि गुडघ्याला लागणारा टीपॉय.

रात्र जाऊ दिली आणि सकाळी भाचीला फोन केला. म्हणालो, मी ताईला सगळं लिहून पाठवणार आहे, स्थळ यायच्या आत. तोंडानं मला जमायचं नाही. तिच्या मागं लॅबमधल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"लिहा," ती म्हणाली. "पण उजळ करून लिहू नका."

म्हणून जसं झालं तसं लिहिलं आहे. ताई, तू त्या दिवशी फोनवर फक्त फोटो काढ म्हणालीस. बाकी सगळं माझं होतं. जुना मॉनिटर चांगला होता. तो अजून टेबलाखाली आहे, आणि जोडला तर त्यावरचे रंग आजही बरोबर दिसतात.